टाकीची सावली

ठोक्याच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी आहेत आणि त्याच्या थोरल्या भावाच्या उजव्या कानाची पाळी अर्धीच आहे. दोघांच्या वाटण्या झाल्या त्या एवढ्याच. दहा वर्षांपूर्वी गॅरेज कुणाचं यावरून जुंपली, तेव्हा थोरल्याने चाकाचा पाना याच्या बोटांवर घातला. ठोक्याने त्याच्या कानाचा लचका तोडला आणि निघताना ट्रक रिव्हर्स घेऊन घराच्या मागच्या खांबावर आदळला. खांबाला तडा गेला, त्यावर प्लास्टर चढलं. नात्यावर तेवढंही चढलं नाही.

तेव्हापासून ठोक्या गावाच्या दुसऱ्या टोकाला पत्रा ठोकतो. दिवसभर चेपलेल्या गाड्या बडवायच्या आणि संध्याकाळी कॉम्प्युटरवर विमान चालवायचं. त्या खेळात सगळं जग होतं, पण थोरल्याच्या घराच्या जागी कंपनीने झाडं लावून ठेवली होती. ठोक्याला हे पटेना. त्याने उपग्रहाचे फोटो उतरवले, तुकडे सांधले, रस्त्यावरच्या गाड्या एकेक करून पुसल्या आणि आपलं गाव स्वतःच उभं करायला घेतलं.

नुसता फोटो म्हणजे जमिनीवर पसरलेली सतरंजी. त्यातल्या घरातून विमान आरपार निघून जातं. विमान फुटायला घर उभं लागतं आणि घर उभं करायला त्याची उंची लागते. ती वरून दिसत नाही, पण सावली दिसते. स्वतःच्या शेडची उंची त्याला ठाऊक होती. तिची सावली फोटोत मोजली की त्याच प्रमाणात अख्ख्या गावाची उंची निघते. शाळा आणि दवाखाना त्याने करड्या खोक्यांवर भागवले. थोरल्याचं घर मात्र खिडकीच्या गजांसकट केलं. मग रोज संध्याकाळी उड्डाण करायचं, गावावरून एक घिरटी घालायची आणि विमान नाकावर त्याच्या छपरात घालायचं. काचा, ज्वाळा, धूर.

"झालं का पाडून?" बायको आतून विचारायची. "मग जेवायला या."

यंदा नवे फोटो आले. थोरल्याने मागच्या कोपऱ्यावर पाण्याची भलीमोठी टाकी चढवली होती. ठोक्याने सावली मोजायला घेतली आणि थांबला. गल्लीतल्या झाडून सगळ्या सावल्या एका दिशेला पडल्या होत्या. ही एकटीच तिरकी होती. फोटो सांधताना आपणच चुकलो असू, म्हणून त्याने सांधा शोधला. तिथे सांधा नव्हताच. नव्या फोटोंतलाच चार महिन्यांपूर्वीचा एक काढला, तर त्यात हीच सावली बाकीच्यांसारखी सरळ होती. म्हणजे टाकी कलत होती. ती उभी होती त्याच तडा गेलेल्या खांबावर, आणि खांबाला लागून आईची खोली.

बायकोने जावेला फोन लावला. दोन मिनिटांत ठेवला.

"जाऊबाई म्हणाल्या, आजवर विमानं दिसायची, आता टाक्या दिसायला लागल्या. डॉक्टरला दाखवा म्हणाल्या."

ठोक्या दुसऱ्या दिवशी सकाळी कामावरून तसाच गेला. एका हातात फोटो, दुसऱ्या हातात ठेवायचा विसरलेला हातोडा. थोरला एका गाडीखालून बाहेर आला.

"दहा वर्षांनी उगवलास, आणि हातोडा घेऊन?"

"दादा, आईला बाहेर काढ. टाकी पडणारे. हे बघ, सावली बघ."

"माझ्या घराची सावली मोजतोस तू?"

"त्याशिवाय उंची कळत नाही."

"तुला कशाला पाहिजे उंची?"

ठोक्याला वेळेवर खोटं कधीच सुचलं नाही. "विमान पाडायला," तो म्हणाला.

थोरल्याने फोटो फाडले आणि कानाखाली जाळ काढला. ठोक्या धडपडत मागे गेला, वर पाहिलं. टाकीखाली प्लास्टरचा पापुद्रा सुटून लोंबत होता. आई हाकेला बाहेर येणारी नव्हती, दोघांशीही तिचा अबोला होता. पण पोरांची मारामारी लागली की ती हातातलं काम टाकून रबरी पाइप घेऊन धावायची. लहानपणापासूनचा हा शिरस्ता.

ठोक्याने हातोडा उचलला आणि गिऱ्हाइकाच्या गाडीची काच फोडली.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. पाना आला, या वेळी मनगटावर. हाड वाजलं. ठोक्याने डोक्याने धडक दिली, थोरल्याचं नाक फुटलं. दोघे काचांच्या चुऱ्यात लोळले, एकमेकांचे गळे आवळत. जाऊबाई किंचाळत बाहेर आल्या. ठोक्याच्या तोंडात रक्त साचलं होतं, तरी तो दाराकडेच बघत होता. पकड सुटली, मार बसू लागला, दात हलला. दार बंदच. म्हणून त्याने थोरल्याचा उरलेला कान धरला आणि चावला. थोरला असा ओरडला की गल्ली थांबली.

"मेल्यांनो! अजून अक्कल येईना?"

आई आली. पाइप हवेत फिरला आणि दोघांच्या पाठींवर भेदभाव न करता उतरला. एक, दोन, तीन. चौथ्याला मागे कडाड् आवाज झाला. टाकी छप्पर फोडून सरळ तिच्या खाटेवर गेली. पाणी दारातून धावत आलं आणि तिघांच्या पायांखालून रक्त धुऊन घेऊन गेलं.

थोरल्याने छपरातल्या भोकाकडे पाहिलं. मग त्याने ठोक्याचं धड मनगट धरून त्याला उभं केलं.

आईची खोली गेली, तेव्हा ती ठोक्याकडे राहायला आली. घरातून वाचलेली एकच वस्तू तिच्या हातात होती. संध्याकाळी प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून ठोक्याने तिला गाव दाखवलं. ती खूश झाली. शाळा ओळखली, दवाखाना ओळखला.

"आणि माझी खोली?"

त्याने बोट ठेवलं.

"इथेच तर हे रोज विमान पाडायचे," सून कौतुकाने म्हणाली. "बरोब्बर याच कोपऱ्यावर."

आईने क्षणभर पडद्याकडे पाहिलं, क्षणभर मुलाकडे. मग खुर्चीमागे टेकवलेल्या पाइपकडे हात नेला.