भुऱ्या कुत्र्याला तोंड आलं

आमच्या भोईवाड्यातल्या चाळीत जिन्याखाली एक भुरा कुत्रा राहतो. गेल्या वर्षी त्याची लाळ गळायला लागली. चपातीचा तुकडा तोंडात धरला की कळवळून टाकून द्यायचा, तोंडाजवळ हात नेला की गुरगुरायचा. लोकांनी निकाल देऊन टाकला, पिसाळलाय. कमिटीने फळ्यावर लिहिलं: रविवारी मीटिंग, विषय कुत्रा हाकलणे. रोज दारोदारी ज्याला चहातलं बिस्कीट भरवलं, तो चार दिवसांत उपद्रवी? मी जाम भडकले.

तोंडाला पट्टी बांधून त्याला टॅक्सीने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी त्याच्या लशींचा कागद पाहिला, मग तोंड तपासलं. "पिसाळलेला नाही. हिरड्या सुजल्यात, तोंडात जखमा आहेत, दोन दाढा सडल्यात. सोमवारी भूल देऊन काढू. तोवर हे औषध, मऊ खाणं, आणि बिस्किटं बंद."

मला मोर्च्यांची पत्रकं लिहायची सवय. मथळा दिला, 'मुक्या प्राण्याच्या मुखशोथाबाबत जाहीर निवेदन'. पन्नास प्रती वाटल्या. दुसऱ्या दिवशी त्यातल्याच एका प्रतीवर शेजारच्या मालवणी मावशी बोंबील साफ करत बसलेल्या.

"मावशी, वाचलंत तरी का?"

"वाचलंय गो. त्याचा मुख शोधूचा आसा, असाच ना?"

"शोध नाही हो, शोथ. हिरड्या सुजल्यात, तोंडात जखमा झाल्यात."

"मगे तोंड इला म्हण. एवढो मोठो कागद कित्याक?"

त्यांनी हात धुतले, खडू घेतला आणि कमिटीच्या नोटिशीखाली लिहिलं: कुत्र्याला तोंड आलंय. बिस्कीट देऊ नका. मऊ भात द्या.

तोंड कोणाला येत नाही? संध्याकाळपर्यंत माझ्या दारात तुरटी, तूप, जाईचा पाला, सगळं हजर. डॉक्टरांचंच औषध चालेल, हे सांगता सांगता माझा घसा बसला.

रविवारी विषय वाचून सेक्रेटरी जरा घुटमळले. "मला तोंड आलेलं तेव्हा मीपण घरात सगळ्यांवर गुरगुरत होतो."

"होतो कसलं," मागून त्यांची बायको म्हणाली, "अजून गुरगुरताय. तुम्हाला कुठे हाकललंय?"

हशा थांबेना. विषय तिथेच रद्द झाला.

सोमवारी दाढा निघाल्या. आठवड्याभराने त्याने मावशींच्या हातचा मऊ भात न कळवळता संपवला. मग रिकामी ताटली चाटत चाटत जिन्यापासून नळापर्यंत ढकलत नेली, आणि आम्ही सगळे हसत त्याच्यामागे.