चपट्या माशासाठी टाकी

हातात पैसे घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार माल देत नसेल, तर त्याच्या मनात काहीतरी आहे, असं मी धरून चालतो. नांदेडच्या त्या म्हाताऱ्या मासेवाल्याबद्दल मी तेच धरलं होतं.

मी लातूरचा. पाण्याच्या टाक्या विकतो. सुरुवात हातगाडीवर जुने ड्रम विकण्यापासून केली, आता तीन शटरचं दुकान आहे. मधल्या काळात एकाने मला हजार लिटर लिहिलेल्या टाक्या विकल्या. मी त्या पुढे विकल्या. एका गिऱ्हाइकाने डब्याने मोजून पाणी भरलं, तर नऊशेच्या आतच टाकी काठोकाठ भरली. त्याने भर बाजारात मला चोर म्हटलं. ज्याने मला त्या टाक्या विकल्या तो आजही लग्नाकार्यात समोर येतो, हात जोडतो. मी जोडत नाही. त्या दिवसापासून दुकानात पंधरा लिटरचा डबा ठेवलाय. कोणतीही नवी टाकी आली की मी स्वतः डब्याने मोजतो. छापलेल्या आकड्यावर माझा विश्वास नाही आणि तो छापणाऱ्यावर तर नाहीच.

नांदेडला मी कामासाठी गेलो होतो. गल्लीतल्या त्या शोभेच्या माशांच्या दुकानात एका रुंद टबाच्या तळाशी वाळू हलली आणि तिच्यातून एक मासा उठला. चपटा, गोल, काळ्या अंगावर पांढरे ठिपके. पोहत नव्हता, कडा हलवत तरंगत होता. स्टिंगरे, गोड्या पाण्यातला. बशीपेक्षा थोडा मोठा. माझ्यासारखा माणूस दुकानात शिरला की आधी भाव विचारतो. त्या दिवशी मी भाव विचारायला विसरलो. मग लक्षात आलं आणि माझाच राग आला.

तासभर घासाघीस करून भाव ठरला. मी पैसे काढले तर म्हातारा म्हणाला, "पैसे रहने दो सेठ. पयले टाकी बनवा. मी येतो, बघतो. मग मच्छी."

"टाकी माझी, मासा माझा. तुम्ही कशाला बघता, चाचा?"

"आत्ता ही बशी हाय. वाढली की परात होते. सात फूट लांब, साडेतीन फूट रुंद. पानी दीड फूट बस. इसको उंची नको, फर्श होना."

मी मनातल्या मनात हिशेब केला. हजार लिटरच्या थोडं वर. हजार लिटर मी कोपऱ्यातही उभे करून दाखवू शकतो. मग घरातली एवढी जागा कशाला खायची? तेवढ्यात जिन्यावरून वरच्या मजल्यावर नजर गेली. तिथे धूळ खात पडलेली काचेची टाकी होती, लांब आणि रुंद. मला सगळं समजलं. न खपलेला माल गळ्यात मारायचा डाव होता.

मी निघताना माशाच्या पाठीचे चार फोटो काढले. म्हाताऱ्याने विचारलं, हे कशाला. मी म्हणालो, ठिपके लक्षात राहावेत म्हणून. तो हसला. "बदलून दुसरी देईन असं वाटतंय व्हय? हाव, काढा. शेपटीचा बी काढा."

लातूरला आल्यावर मी ओळखीच्या काचवाल्याकडून टाकी बनवून घेतली. चार फूट लांब, दोन फूट रुंद, साडेचार फूट उंच. काचवाला म्हणाला, एवढी उंच म्हणजे काच जाड लागेल, तळाला दाब जास्त येतो. मी त्याच्यावरही संशय घेतला, पण त्या बाबतीत तो बरोबर होता, कारण टाक्यांच्या दाबाचं मलाही कळतं. टाकी बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात बसली. मी डब्याने पाणी भरलं. अडुसष्ट डबे, म्हणजे हजारावर वीस लिटर. कुणी मला फसवलेलं नव्हतं. फिल्टर लावला, बोअरच्या पाण्याची बाटली नांदेडला म्हाताऱ्याकडे पाठवून तपासून घेतली, महिनाभर पाणी फिरू दिलं. मग म्हाताऱ्याला फोन केला.

तो एसटीने आला. टाकीसमोर उभा राहिला, वर बघितलं, खाली बघितलं, आणि खुर्चीवर बसला.

"सेठ, ही विहीर हाय."

"हजार लिटर आहे. मोजून."

"लिटरला काय करायचं? ती वर येऊन लिटर पिनार हाय का? ती तळाला राहते. तिला फिरायला लागतं."

माझा आवाज चढला. मी म्हणालो की तुमची वरची पडून असलेली टाकी मला विकायची आहे, हे मला पहिल्या दिवशीच कळलं. गेल्या पंचवीस वर्षांत मला ज्यांनी ज्यांनी फसवलं त्या सगळ्यांचं मी त्याला ऐकवलं. म्हाताऱ्याने चष्मा पुसून परत लावला. माझं संपल्यावर म्हणाला, "वो? उसका तो तळ फुटेला है. विकली तर तुमी माझ्या गल्लीत येऊन मारताल. तुमच्या गिलासवाल्याकडनंच बनवून घ्या, माझ्याकडनं घेऊच नका. पन रुंद बनवा."

यावर मला बोलायला काही राहिलं नाही. म्हणून मी आणखी मोठ्याने बोललो.

बायको स्वयंपाकघरातून आली. माझ्याकडे न बघता तिने म्हाताऱ्याला विचारलं, "चाचा, किती मोठं व्हतंय ते?"

"दीड फूट, बेटा. आन मागं तेवढीच शेपूट."

तिने खडूने फरशीवर चार बाय दोनचा चौकोन काढला. कणीक मळायची मोठी परात आणली, चौकोनात ठेवली आणि तिच्या मागे लाटणं ठेवलं.

"घ्या," ती मला म्हणाली. "वरडून झालं असल तर ह्याला वळवून दाखवा. रेषेला लागू द्यायचं न्हाई."

मी गुडघ्यावर बसलो. सरळ पुढे नेली तोवर ठीक होतं. वळवायला गेलो तर लाटणं रेषेबाहेर गेलं. मागे घेतली, दुसऱ्या बाजूने बघितलं. मग परातीची कड बाहेर. टाकी साडेचार फूट उंच होती, पण खाली बसलेल्या माणसाला त्या उंचीचा काही उपयोग नव्हता. म्हातारा एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर मी परात उचलून फेकली असती.

आयुष्यभर मी टाकी लिटरवर विकली. आमच्या गावात प्रत्येकजण टाकी तशीच घेतो. पाणी किती मावतं आणि ते किती दिवस पुरतं, एवढंच आम्ही विचारतो. आतल्याला वळता येतं का, हे आम्हाला कधी विचारावं लागलं नाही.

सात बाय साडेतीन बसेल अशी घरात एकच जागा होती, बाहेरच्या खोलीतली माझी बैठक. तिथे गादीवर बसून मी सकाळ-संध्याकाळ फोनवर धंदा करतो. गादी गुंडाळली, बाजूला बसायला एक खुर्ची टाकली. काचवाल्याने नवी टाकी बनवली, यावेळी काच कमी जाडीची लागली. तळाला बारीक वाळू, एकही दगड नाही, हीटरला जाळी. जुन्या टाकीतलं पाणी आणि फिल्टर त्यात घेतला. पुन्हा मोजलं. एकोणसत्तर डबे.

म्हाताऱ्याने मासा आणला. मी नांदेडचे फोटो समोर धरून ठिपके ताडून पाहिले. त्याने चष्मा काढून मला दिला, नीट बघा म्हणून. मासा तोच होता.

पण तो खाईना. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. कोळंबीचे तुकडे तसेच पडून राहायचे, मी ते मोजून काढायचो. मासा वाळूत अंग पुरून पडलेला, फक्त डोळे वर. मला वाटलं, आजारी माल दिला. चौथ्या दिवशी फोन केला आणि हेच म्हणालो.

"पानी तपासलं?" त्याने विचारलं.

"दोनदा. चांगलं आहे."

"मग टाकीच्या बाजूला बसून फोन करता काय?"

"करतो. माझी बैठक आहे ती."

"मोठ्यानं?"

मी टाकीपासून दोन पावलं मागे सरकलो.

"सेठ, काच थरथरते. नवी जागा हाय, डरते ती. तिथं वरडू नका. भाव करायचा तर बाहेर जाऊन करा."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ बायकोकडे बघत होतो. ती शेंगा सोलत होती. हे म्हाताऱ्याला आपसूक सुचलं असेल, असं मला वाटेना. मासा आणला त्या दिवशी जाताना तो स्वयंपाकघरात चहा घेत बराच वेळ बसला होता. तिच्याकडे त्याचा नंबर असणारच.

तरी मी फोन घेऊन दाराबाहेरच्या ओट्यावर जायला लागलो. ओट्यावर ऊन असतं, गाड्यांचा आवाज असतो, शेजारी सगळं ऐकतात. त्यामुळे तिथे मला भाव हळूच करावा लागतो. सहाव्या दिवशी आत आलो तर मासा वाळूतून उठला, टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, भिंतीला न लागता वळला आणि कोळंबीवर जाऊन बसला. उठला तेव्हा खाली काही नव्हतं.

घर शांत होतं. बायको दारात उभी राहून बघत होती. मी तिला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने खरं सांगितलं असतं, आणि मग मला पुन्हा घरात बसून मोठ्याने बोलता आलं असतं.