मावशी कशी गेली

मागच्या महिन्यात माझी पंधरा वर्षांची मुलगी खो-खोच्या सरावात पळता पळता कोसळली. अर्ध्या मिनिटात उठून बसली आणि मलाच म्हणाली, अशी काय बघतेस? सकाळी काही न खाता जाते म्हणून मी तिलाच झापलं. धुळ्यातल्या हृदयाच्या डॉक्टरांना मात्र तिचा कार्डिओग्राम पसंत पडला नाही. घराण्यात कोणी लहान वयात अचानक गेलंय का, त्यांनी विचारलं. मी ठणकावून नाही म्हणाले. जिन्यापर्यंत पोचल्यावर मावशी आठवली, तशी परत आत गेले.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. तिच्याबद्दल आमच्या घरात एकच वाक्य होतं: ती आखाजीला झोक्यावरून पडली. पिंपळनेरजवळच्या आजोळी, तेरा वर्षांची असताना. झोका देत होती माझी आई. एवढ्यावर विषय बंद व्हायचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साऱ्या लेकी माहेरी येणार, लिंबाला झोके बांधणार, गाणी म्हणणार, आणि मी ओट्यावर बसून सांजोऱ्या खायच्या. एकदा चोरून झोक्यावर बसले, तर आईने भर गल्लीत थोबाडीत दिली. त्याचा राग मी चाळिशीपर्यंत जपला. खरं सांगायचं तर मला मावशीचाही राग यायचा. कधी न पाहिलेल्या मुलीने माझा सण खाल्ला होता.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या पडल्यामुळे गेल्या, की आधी गेल्या आणि मग पडल्या?"

पन्नास वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. आजोबांनी तेव्हा इतकंच विचारलं होतं, की झोका कोण देत होतं.

आई आमच्याकडेच राहते. घरी आले तेव्हा ती मेथी निवडत बसली होती. मला गोडीगुलाबीने विचारता येत नाही, थेटच विचारलं. ती काड्या मोडत राहिली. मग खाली बघूनच बोलली.

"मी थांबी गयी व्हती. झोका बी थांबेलच व्हता. तिनी मान पहिले पडनी, मंग हात सुटनात."

त्याआधीही मावशी दोनदा अशीच कोसळली होती, एकदा शाळेच्या प्रार्थनेत. घरच्यांनी पित्त म्हणून कोकमाचं पाणी पाजलं होतं. हे सगळं आईने आजोबांना का सांगितलं नाही, असं मी विचारलं. सांगितलं होतं म्हणे. त्यांना ते खोटं वाटलं.

मला काय आनंद झाला! तिचा हात धरून मी सांगत सुटले, की हृदयाच्या ठोक्यातला हा दोष असतो, घराण्यात चालत येतो, बहुतेक मावशीला तोच होता, त्यात तुझी काहीएक चूक नव्हती. वर्गात फळ्यासमोर उभी राहून बोलते तशीच बोलत होते. आता ती रडेल, मोकळी होईल, अशी मी वाट बघत होते.

"चालत येस म्हणजे?" तिने विचारलं.

मी मूर्खासारखं तेही समजावलं. आजीकडून आईला, आईकडून मुलीला, असं. माझ्या मुलीच्या तपासण्या त्याच्यासाठीच लावल्यात, हेसुद्धा.

आतल्या खोलीत मुलगी मोबाइल बघून हसत होती. आई तिकडे बघत राहिली. मग तिने माझ्या हातातून हात सोडवून घेतला. तिचा चेहरा इतका घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता.

"नही," ती म्हणाली. "मीच ढकली तिले. जोरमा ढकली. डॉक्टरले हाईच सांग."