मिलिमीटरच्या वहीतली सही

त्याला सगळे मिलिमीटर म्हणायचे. मीच पाडलं होतं ते नाव, चिडून. बांधकामाच्या जागेवर खांब कुठे उभे राहणार ते मशीन लावून आखून देणारा इंजिनीअर. नोकरी कुणाचीच नाही, बोलावलं की स्कूटरवर मशीन बांधून हजर. एका सुताचा फरक निघाला तरी हा गडी खुंटी उपटायला लावणार. मी ठेकेदार, माझे मजूर खोळंबलेले, माझं डोकं फिरायचं. तरी बावीस वर्षं त्यालाच बोलावलं, कारण त्याने आखलेली एक भिंत कधी वाकडी गेली नाही.

दोन खोडी होत्या त्याच्या. काम संपलं की जिथून सुरुवात केली त्याच खुंटीवर परत यायचं आणि आकड्यांचा मेळ बसतो का बघायचं. त्यात अर्धा दिवस जायचा, त्याचे पैसे तो वेगळे लावायचा. आणि संध्याकाळी वही पुढे करायची. "वाचून सही करा, शेठ." मुंगीएवढं अक्षर! मी मेलो तरी वाचलं नसतं. सही ठोकायचो.

त्या दिवशी तो आला तोच तोंड पाडून. "मशीन पडलंय स्कूटरवरून. वरून ठीक दिसतंय, पण तपासून आणतो. दोन दिवस द्या."

"दोन दिवस? उद्या काँक्रीटची गाडी येतेय. ती काय तुझ्या दारात उभी करू?"

"मग निदान शेवटी मेळ घालू द्या. पैसे नका देऊ त्याचे."

"पैशांचं सोड, वेळ कुठाय? खड्डे आजच खणायचेत. जमत असेल तर लाव मशीन, नाहीतर दुसरा बघतो."

वर्षभर त्याच्या हाताला काम नव्हतं, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच तसं बोललो. त्याने मुकाट्याने मशीन लावलं. संध्याकाळी वही पुढे केली, मी सही ठोकली.

खांब डोक्याच्या वर गेले तेव्हा शेजारचे पेन्शनर नकाशा घेऊन आले. आमचा एक कोपरा त्यांच्या जागेत फूटभर घुसला होता. टेप लावली, खरंच होतं. जागेच्या मालकाने विचारलं, "चूक कुणाची?"

"आखणी करणाऱ्याची," मी म्हणालो. "मशीन पडलं होतं, हे मला बोललासुद्धा नाही."

किती सहज निघालं ते तोंडातून! तीन खांब फोडले. मिलिमीटरचे त्या दिवसाचे पैसे मी अडकवून ठेवले होते, ते तसेच राहिले. आमच्या धंद्यात असली बातमी पसरायला दोन दिवस पुरतात. दोन महिन्यांत त्याचा फोन वाजायचा बंद झाला.

मग एका सकाळी तो घरी आला आणि टेबलावर वही उघडून ठेवली. पहिल्यांदाच वाचली मी. 'मशीन पडलेले. तपासणी नाही. शेवटचा मेळ नाही. ठेकेदारांना सांगितले.' खाली माझी ऐसपैस सही.

"कुणाकुणाला दाखवलंस?"

"बाहेर कुणालाच नाही. पडलेल्या मशीनवर काम केलं, हेही त्यातच आहे ना. तुम्ही बुडाल, पण मी काही वर येणार नाही."

"मग आलास कशाला?"

"मुलीला दाखवली. ती म्हणते, बाबा, हे तर तुम्हीच लिहिलंय, सही काय कुणीही न वाचता करतं." त्याने चष्मा पुसला. "खाली स्कूटरपाशी उभी आहे. तिच्यासमोर एकदा म्हणा शेठ, की याने सांगितलं होतं. बाकी कुणाला नका सांगू."

मी उठलो. वाटलं, चप्पल घालावी. पण पाय कपाटाकडे वळले. त्याचे अडकवलेले पैसे आणि वर मेळाच्या अर्ध्या दिवसाचे काढून वहीवर ठेवले. "दीड दिवसाचे आहेत."

त्याने अर्ध्या दिवसाचे मोजून माझ्याकडे सरकवले. "ते काम झालंच नव्हतं." बाकीचे खिशात घातले, वही मिटली आणि गेला.

मी खिडकीशी गेलो. मुलगी त्याला काहीतरी विचारत होती. तो हेल्मेटचा पट्टा लावत राहिला. तिने वर पाहिलं. थेट माझ्याकडेच.

दोन जिने. तेवढेच उतरायचे होते. मी खिडकी लावून घेतली.