ताईचं मत आणि अर्बाबची तिजोरी

मी तिला साधा प्रश्न विचारला होता. तुमच्या भागाचा खासदार कोण? तिने मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा भाजीत बुडवला, तोंडात टाकला, सावकाश चावला आणि म्हणाली, "कुणी नाही."

मी हातातला घास परत ताटात ठेवला.

गल्फमधल्या, मस्कतपासून दोन-अडीच तासांवरच्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या कँटीनमधली ही गोष्ट. मी तिथे प्रयोगशाळेत केमिस्ट होते आणि ती सेफ्टी ऑफिसर. दक्षिण आफ्रिकेची, पन्नाशीची, आवाज असा की ती ओरडली की क्रेनवाला मधेच थांबायचा. कारखान्यात बायका आम्ही दोघीच, म्हणून जेवायला टेबल एकच. मी तिला ताई म्हणायची. आमच्याकडे थोरल्या बहिणीला असं म्हणतात, हे सांगितल्यावर तिने थोडा विचार केला आणि मग त्या हाकेला ओ देऊ लागली.

मी भुसावळची. वडील रेल्वेत होते. आमच्या घरी देव्हारा नव्हता. बुद्धाच्या मूर्तीशेजारी राज्यघटनेची जाडजूड प्रत असायची आणि तिच्यावरची धूळ पुसायचं काम माझ्याकडे होतं. मतदानाच्या दिवशी वडील इस्त्रीचे कपडे घालून बूथ उघडायच्या आधीच रांगेत उभे राहायचे. अशा घरातल्या मुलीला कुणी "आम्हाला खासदार नाही" असं म्हणालं, तर तिचं डोकं फिरणारच.

"नाही म्हणजे काय? वारला का?"

"मुळात नसतोच. आमच्याकडे मत माणसाला नाही, पक्षाला देतात."

मग तिने मला समजावलं. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव, निशाणी आणि नेत्याचा फोटो. प्रत्येक पक्ष निवडणुकीआधीच आपल्या लोकांची यादी देऊन ठेवतो. जेवढा मतांचा वाटा, तेवढा जागांचा, आणि त्या जागा यादीत वरून खाली भरत यायच्या. एकूण चारशे खासदार, पण त्यांतला एकही अमुक एका गावाने निवडलेला नाही. राष्ट्राध्यक्षसुद्धा लोक निवडत नाहीत. ते चारशे जण आपल्यातल्याच एकाला निवडतात आणि तो अध्यक्ष झाला की त्याची खासदारकी जाते.

"आणि गटार तुंबलं तर जायचं कुणाच्या दारात?"

"नगरपालिकेत वॉर्डाचा माणूस असतो ना. त्याच्या."

"आणि गावाला रेल्वेचा थांबा हवा असला तर?"

यावर ती नुसतीच पिठाचा गोळा वळत बसली. मला फार बरं वाटलं. पण लगेच तिने सांगितलं की काही वर्षांपूर्वी त्यांच्या सत्ताधारी पक्षाने आपल्याच अध्यक्षाला जा म्हणून सांगितलं, आणि त्याने टीव्हीवर येऊन राजीनामा जाहीर केला. मी आ वासून बघत राहिले. आमच्याकडे हाउसिंग सोसायटीचा चेअरमनसुद्धा एवढ्यावर हलत नाही.

दुसऱ्या दिवशी धक्का देण्याची पाळी माझी होती. आपली पद्धत मी तिला ऐटीत सांगितली. मतदारसंघ असतो, उमेदवार असतात, ज्याला सगळ्यात जास्त मतं तो जिंकला.

"समजा शंभरातली पस्तीसच मिळाली, आणि बाकीची फुटली?"

"तरी तोच."

"मग उरलेल्या पासष्ट जणांची मतं कुठे गेली?"

"गेली."

तिने चमचा खाली ठेवला. "आणि हे तू हसत हसत सांगतेस?"

मी शेवटचं अस्त्र काढलं. आमची जगातली सगळ्यात मोठी लोकशाही आहे, म्हटलं. हरायला लागले की मी ते वाक्य काढायची, आणि ती दरवेळी मान डोलवून "मोठी आहे खरी" एवढंच म्हणायची. त्या मान डोलवण्याचा मला भयंकर राग यायचा.

ते २०१४ साल होतं. नेमक्या त्याच सुमाराला दोन्ही देशांत निवडणुका आल्या. एप्रिलमध्ये आमच्या भुसावळला मतदान झालं आणि मी सोहारला बसून टीव्हीवर रांगा पाहिल्या. कायद्याने मला मत होतं, पण ते द्यायला स्वतः गावी जाऊन बूथवर उभं राहायला हवं होतं. वडिलांनी फोनवर विचारलं, "मग तुझं राहिलंच का?" मी हो म्हटलं. त्यांनी दुसरा विषय काढला. ते रागावले असते तर परवडलं असतं.

ताईला हे कळलं तेव्हा तिला खरंच वाटेना. "म्हणजे मत आहे, पण देता येत नाही?" तिच्या सरकारने परदेशातल्या नागरिकांसाठी वकिलातींमध्ये मतदान ठेवलं होतं. देशातल्या मतदानाच्या आठवडाभर आधी, एक दिवस, मस्कतच्या वकिलातीत. तिने त्यासाठी आधीच कळवून ठेवलं होतं. "तीस वर्षांची होईपर्यंत मी माझ्याच देशात कुणाच्या मोजणीत नव्हते," ती म्हणाली. "पहिलं मत द्यायला आईचा हात धरून रांगेत उभी राहिले. वडील त्याआधीच गेले होते. तेव्हापासून एकही निवडणूक चुकवलेली नाही. हीपण चुकवणार नाही."

तिला हायवेवर गाडी चालवायची भीती वाटायची, म्हणून मी रजा टाकली. नवऱ्याने सकाळी चिमटा काढलाच. "स्वतःचं मत बुडवलंस आणि आता दुसऱ्याचं पोचवायला निघालीस."

ताई खाली उतरली ती इस्त्रीचा निळा झगा घालून, कानात मोठे डूल. मला एकदम वडील आठवले. वाटेत बरका गाव येईपर्यंत ती गाणी म्हणत होती.

वकिलातीत रांग छोटीशी होती. टेबलामागच्या मुलीने ताईचं हिरवं ओळखपुस्तक तपासलं, यादीत नाव शोधलं, खूण केली. मग पासपोर्ट मागितला. नियमाने दोन्ही लागत होते. ताईने पर्समधून पासपोर्टची रंगीत झेरॉक्स काढून दिली, प्लास्टिकमध्ये घातलेली, झकास. त्या मुलीने ती उलटी केली, सुलटी केली आणि विचारलं, "हो, पण खरा?"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

बाहेरच्या माणसाला हे वेडेपण वाटेल, पण गल्फमध्ये राहिलेल्याला लगेच कळेल. तिथे पासपोर्ट म्हणजे झेरॉक्सच. घर भाड्याने घ्या, सिमकार्ड घ्या, मुलाचं नाव शाळेत घाला, सगळीकडे झेरॉक्स. खरा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. सुट्टीवर निघताना विमानाच्या तिकिटाबरोबर तो हातात यायचा आणि परत आल्यावर मंदूब, म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस, तो मागून न्यायचा. "पासपोर्ट आणा" हे वकिलातीचं सांगणं आम्ही दोघींनी वाचलं होतं. दोघींच्याही डोळ्यांसमोर झेरॉक्सच आली होती. दोघीही शिकलेल्या, दोघीही घटनेवर तासन्‌तास भांडणाऱ्या, आणि एकीच्याही डोक्यात आलं नाही. मला स्वतःचीच भीती वाटली.

त्या मुलीला वाईट वाटलं. "रात्री नऊपर्यंत उघडं आहे," ती म्हणाली. "घेऊन या."

गाडीत ताईने पट्टा लावला. मग म्हणाली, "गोऱ्यांच्या जुन्या राजवटीत माझ्या वडिलांना स्वतःच्या देशात फिरायला पासबुक, म्हणजे परवान्याचं पुस्तक, लागायचं. पोलिसाने विचारलं आणि खिशात नसलं तर तुरुंग. आई त्यांच्या प्रत्येक शर्टाला आतून खिसा शिवायची." ती बाहेर बघत होती. "आणि माझा कागद मी स्वतः देऊन आले. कुणी मारलं नाही, कुणी धमकावलं नाही. मंदूब म्हणाला, दे. मी चहाचा कप खाली ठेवला आणि दिला."

माझा चहाचा कप मला आठवत होता.

मंदूबला फोन लावला. तो भला माणूस होता, पण किल्ली त्याच्याकडे नव्हती. "अर्बाबला विचारावं लागेल," तो म्हणाला. "बुकरा, इन्शाल्ला." म्हणजे उद्या बघू. अर्बाब म्हणजे आमचा मालक. ताईने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "बुकरा खलास. आम्ही आत्ता येतोय." गाडी मी पुन्हा सोहारकडे वळवली.

सगळा रस्ता मी मनात भाषण रचत होते. माझी तर पाचावर धारण बसली होती. अर्बाब चिडला तर? पळून जायचा बेत आहे असं वाटलं तर? ताईची नोकरी गेली तर? आणि तिला घेऊन आले म्हणून माझी गेली तर? मुलाची शाळा, नवऱ्याचा व्हिसा, सगळं डोळ्यांपुढे नाचून गेलं. ताईला सांगितलं, तू गप्प बस, मी गोड बोलून काढते. तिने ऐकल्यासारखं केलं.

अर्बाब केबिनमध्ये कॉफी पीत बसला होता. साठीचा, अंगात पांढरीशुभ्र पायघोळ दिशदाशा, समोर खजुराची ताटली. मी सलाम करून सुरुवात करणार, तेवढ्यात ताई म्हणाली, "मला माझा पासपोर्ट हवा आहे. मत द्यायचं आहे."

"मत? कुठे?"

"मस्कतला. आमच्या वकिलातीत."

"तुझ्या सरकारने एवढ्या लांब तुझ्यासाठी पेटी ठेवली?" त्याला भलतंच कौतुक वाटलं. तो उठला, खिशातून किल्ल्या काढल्या आणि दाराआडची लोखंडी तिजोरी उघडली.

आत जे दिसलं ते मी विसरू शकत नाही. पासपोर्टचे गठ्ठे, रबरबँड लावलेले, देशादेशांचे वेगळे. वरच्या खणात थोडे फिलिपिनो, थोडे बांगलादेशी. एका कोपऱ्यात एकटा हिरवा, ताईचा. आणि खालचे सगळे खण, तळापासून वरपर्यंत, निळे. आमचे. सिंहाची मुद्रा असलेले, एकावर एक रचलेले, नीट. तिकडे देशभर बूथ लागलेले होते, आणि इकडे जगातली सगळ्यात मोठी लोकशाही रबरबँड लावून खणात बसली होती.

अर्बाबने ताईचा पासपोर्ट तिच्या हातात दिला. "यल्ला, जा. उशीर होईल."

"परत कधी आणून द्यायचा?" हे मी विचारलं. तिने नाही.

"कशाला परत? तिचा आहे. कायद्याने तुमचा तुमच्याकडेच असायला हवा."

"मग हे सगळे इथे का?"

त्याने खांदे उडवले. त्यात खोट नव्हती, मग्रुरीही नव्हती. "पहिल्यापासून इथेच ठेवतात," तो म्हणाला. "कुणी मागितलाच नाही."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले असते. माझं भाषण तयार होतं. शेवटी एवढंच म्हटलं, "माझा पण द्या."

"तुलाही मत द्यायचंय?"

"नाही. मला नुसता हवा आहे."

माझा सापडायला वेळ लागला. निळ्यांमध्ये त्याला एकेक गठ्ठा सोडावा लागला.

आम्ही पुन्हा मस्कतला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ताई आत गेली. मी गाडीत बसून माझा पासपोर्ट चाळत होते. फोटोतली बाई मला अनोळखी वाटली, फार हुशार दिसत होती. ताई बाहेर आली ती डाव्या अंगठ्याच्या नखावर शाई घेऊन. मी भारतीय सवयीने पहिला प्रश्न विचारला, "कुणाला दिलंस?"

ती थबकली. "मत गुप्त असतं, आणि हे तू विचारतेस?" म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा आम्ही दोघी पोट धरून हसलो.

दोनच दिवसांनी शुक्रवार होता. आमच्या सोहारच्या लोकांनी घटनाकारांची जयंती त्या दिवशी ठेवली होती. सुट्टी सापडेल तेव्हाच आम्ही ती करतो. पंचवीस-तीस कुटुंबं, बहुतेक इंजिनियर, अर्धेअधिक आमच्याच कारखान्यातले. ताईला मी मुद्दाम बोलावलं होतं. खीर वाढता वाढता मी ज्याला त्याला तिजोरीची गोष्ट सांगत सुटले. मागा म्हटलं, तो देतो, कायदा आपल्या बाजूचा आहे. मला वाटलं होतं, रविवारी सकाळी कारखाना सुरू होताच केबिनबाहेर रांग लागेल.

"कशाला उगाच?" आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ते म्हणाले. "तिथे सुरक्षित आहे. घरी हरवला तर कोण निस्तरणार?"

"अर्बाबला वाटेल, पळून चाललोय," दुसरा म्हणाला.

तिसऱ्याने विचारलं, खिरीत वेलची कोणी घातली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण वाढपी बाईने भांडायचं कसं?

मग मुलांनी घटनेची प्रास्ताविका म्हटली. सगळे उभे राहिले, खुर्च्या सरकवून, छाती पुढे काढून. माझा मुलगा मराठीत अडखळत होता, मोठे शब्द आले की थांबायचा आणि माझ्याकडे बघायचा. ताईसुद्धा उभी होती. ती माझ्या कानाशी वाकली.

"यांच्यातल्या किती जणांनी आजवर पासपोर्ट मागितला?"

"एकाच माणसाने."

"कोण?"

"मी."

तिने या वेळी मान डोलवली नाही. मुलांचं वाचन संपल्यावर तिने टाळ्या वाजवल्या. तिच्या नखावरची शाई अजून ओली असल्यासारखी दिसत होती.