बर्नडेट ह्रुस्काचा फळा

त्या काळी ईस्टर उलटला की बंबखान्याच्या हॉलमधल्या फळ्यावरचे उपासाच्या शुक्रवारी विकल्या जाणाऱ्या तळलेल्या माशांचे भाव पुसले जात आणि बर्नडेट ह्रुस्का खडू घेऊन स्टुलावर चढे. अमेरिकन फुटबॉलचे व्यावसायिक संघ कॉलेजच्या पोरांमधून आळीपाळीने आपापले खेळाडू उचलतात, तो शनिवार-रविवार जवळ आलेला असे. कोणता संघ कोणाला उचलणार हे तिने आधीच फळ्यावर लिहायचं, तेही सगळ्या गावादेखत. मग नंतर ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ म्हणायची सोय नसे.

नदीकाठचा पोलादाचा कारखाना तोवर बंद पडला होता. संध्याकाळी जायला एक चर्च उरलं होतं आणि एक हा हॉल. हॉलमध्ये बिअर मिळे.

बर्नडेटने शाळेच्या संघाचे कपडे वर्षानुवर्षं धुतले होते. ज्याच्या पाठीला चिखल तो ढकलला गेलेला, ज्याच्या गुडघ्यांना आणि छातीला चिखल त्याने दुसऱ्याला आडवं केलेलं, हे तिचं शास्त्र. टीव्हीवर सगळे चेंडू बघत, ही पाठी बघे. भाकितं चुकतही भरपूर. एका वर्षी तिने पहिल्याच जागी लिहिलेल्या पोराला दिवसभर कोणी विचारलं नाही, तेव्हा बार सांभाळणाऱ्या स्टूशने बशीत उरलेल्या शेवटच्या सॉसेजला त्या पोराचं नाव दिलं. “घ्या रे कोणीतरी. बिचारा सकाळपासून वाट बघतोय.”

तरी फळा तिचाच. कोणी वाद घातला तर ती स्टुलावरूनच उत्तर देई.

“बर्नी, आपल्या संघाला पळणारा गडी हवाय यंदा.”

“हवाय ना. पण घेणार नाहीत. तुला पोट कमी करायला हवंय, करतोयस का?”

फळ्याच्या तळाशी एक ओळ राखून ठेवलेली असे: ‘आपला पोरगा’. गावातला कोणी निवडीच्या रांगेत असला, तर त्याचं नाव आणि तो कितव्या फेरीत उचलला जाईल ते तिथे लिहायचं. बहुतेक वर्षं ती ओळ कोरीच राही. त्या वर्षी मात्र ती कोरी राहणार नाही, असं सगळ्यांनी धरलं होतं. कारण या खेपेला पोरगा तिचाच होता.

मार्टी कॉलेजच्या संघात पुढच्या रांगेत खेळायचा. दारातून आत येताना उजेड अडवणारा, आईशी मात्र हळू आवाजात बोलणारा. शेवटच्या मोसमात त्याचा गुडघा गेला, शस्त्रक्रिया झाली. तरी वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या होत्या, की शेवटच्या फेऱ्यांत ह्रुस्काचा विचार होऊ शकतो. ते कात्रण स्टूशने बारमागच्या आरशाला चिकटवलं होतं.

बर्नडेटला एक गोष्ट ठाऊक होती. ज्याला घ्यायचा विचार असतो, त्याला त्या आठवड्यात संघाकडून फोन येतो. फार काही बोलत नाहीत, ‘रविवारी कोणत्या नंबरवर सापडाल?’ एवढंच विचारतात. मार्टीने दोन नंबर दिले होते, एक घरचा, एक कॉलेजच्या खोलीचा. घरचा वाजला नव्हता. कपडे वाळत घालताना ती फोन खिडकीत आणून ठेवी, दूध आणायलाही शेजारच्या डोलोरेसला पिटाळी. खोलीवर आला असेल, असं ती स्वतःला समजावत होती. मार्टी फोनवर बोलायचा तेव्हा ती विचारे, “काय रे, विशेष काही?” तो म्हणे, “काही नाही. तुझं?” “माझं काय असणार?” पुढचा प्रश्न दोघांच्याही ओठांवर येई आणि तिथेच राही.

बुधवारी मार्टी घरी आला. कोबी घातलेल्या शेवया पोटभर खाल्ल्या आणि आईबरोबर हॉलवर गेला. बर्नडेटने वरच्या सगळ्या ओळी भरल्या, वाद झाले, शिट्ट्या झाल्या. मग खडू तळाच्या ओळीशी आला. तिने मार्टीचं नाव लिहिलं आणि थांबली.

“लिही की,” स्टूश ओरडला. “सहावी फेरी? सातवी? घरचंच कार्टं म्हणून लाजतेस होय?”

“मी केकची ऑर्डर देऊन आलेय,” डोलोरेस म्हणाली. “त्याच्या नावासकट!”

सातवी लिहिणं किती सोपं होतं. सगळे खूश झाले असते. पण मग रविवारी हा हॉल भरला असता, मार्टीला टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसवला असता, आणि एकेक नाव पुकारलं जाताना सगळ्या गावाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं असतं. संध्याकाळपर्यंत.

तिने नावापुढची जागा कोरी सोडली आणि खडू ठेवला. “मला नाही वाटत त्याला कोणी घेईल.”

स्टूश हळूच म्हणाला, “अगं, आई आहेस की कोण?”

मार्टी उठून बाहेर गेला होता. ती मागोमाग धावली. तो बंबाच्या चाकाला टेकून उभा होता.

“आई, घरी फोन आला नाही ना?”

“नाही रे. तुझ्या खोलीवर?”

“तिथे कुठला! मला वाटत होतं, घरी आलाय आणि तू रविवारपर्यंत लपवून ठेवतेयस.”

“मग विचारायचं नाहीस?”

“तू विचारलंस?”

मार्टीने तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि मोठा श्वास सोडला. “खरं सांगू? रविवारी टीव्हीसमोरच्या त्या खुर्चीत बसायच्या विचाराने मला चार दिवस झोप नाही. गुडघ्यापेक्षा ती खुर्ची जास्त दुखत होती.”

“आणि मी तुझ्या गुडघ्यासाठी नवस बोलत होते!”

तो हसायला लागला. तिला मात्र रडू आलं. त्याने तिला जवळ घेतलं, तर तिचा खडूचा पंजा त्याच्या सदऱ्यावर उमटला. आत परतल्यावर तो सरळ फळ्यापाशी गेला. “आई, हा तिसरा चुकलाय. याच्यासमोर मी खेळलोय.” आणि पुन्हा सगळे भांडायला लागले.

रविवारी टीव्हीसमोरच्या खुर्चीत डोलोरेस बसली. केकवरचं नाव तिने सुरीने खरवडून आणलं होतं. पहिलं अक्षर तेवढं निघालं नव्हतं. शेवटचं नाव पुकारलं गेलं, तेही दुसऱ्याच कोणाचं, तेव्हा मार्टी मागे स्टूशबरोबर खुर्च्यांच्या घड्या घालत होता. त्याच्याकडे बघायचं नाही, असं बर्नडेटने सकाळपासून ठरवलं होतं. तिने बघितलंच. तो दोन काखांत चार खुर्च्या धरून, दार पायाने ढकलत होता.