चूक झाली तर माझ्या दारात या

अमीन मुजावर हा माणूस गावाला आवडायचा, असं म्हणणं म्हणजे धडधडीत खोटं बोलणं. पंचगंगेच्या काठावरचं, कोल्हापूरला अगदी खेटून असलेलं हे गाव. नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर तिथली चार माणसं उद्या माझ्याशीच भांडायला येतील. या गावात अमीनची एक रिक्षा होती. टपावर दोन कर्णे बांधलेले. कोण वारलं, नळाला पाणी कधी येणार, कुणाची म्हैस सुटली, कुस्त्यांचं मैदान कुठल्या माळावर, हे सगळं गावाला त्या कर्ण्यांतून कळायचं.

आवाज भारदस्त आणि स्वभाव तिखट. पुकारा करायला सांगायला आलेल्या माणसाला तो चोर पकडल्यासारखा उलटा तपासायचा. "कुनी सांगितलं तुला? तू सोता बगितलंस? न्हाय ना? मग बगून ये जा." मयताची बातमी असली तरी त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन, डोळ्यांनी बघून आल्याशिवाय रिक्षाला किक मारायचा नाही. रडण्यात बुडालेल्या घरच्यांना संताप यायचा. येऊ दे, म्हणायचा.

त्यालाही कारण होतं. तरुण असताना गावातल्या दोन टग्यांनी त्याच्याकडून मैदान रद्द झाल्याचा खोटा पुकारा करवून घेतला होता. कोल्हापूरच्या मुलखात हा केवढा गुन्हा आहे हे ज्याला कळत नाही, त्याला मी समजावून सांगत बसणार नाही. पंचक्रोशीतली माणसं माळावर गेलीच नाहीत, पैलवान लंगोट बांधून रिकाम्या माळाकडं बघत बसले, आणि संध्याकाळी अख्खं गाव अमीनला शोधत फिरलं. तो लपला नाही. चौकात उभा राहिला आणि पडतील तेवढ्या शिव्या खाल्ल्या. त्या दिवसापासून प्रत्येक पुकाऱ्याच्या शेवटी त्यानं दोन वाक्यं जोडली. "सांगणार अमीन मुजावर. चूक झाली तर माझ्या दारात या." त्याचा तालमीतला दोस्त गुंडू पैलवान गेला, तेव्हा पुकारा करताना त्याचा आवाज चिरकला, पण ही दोन वाक्यं त्यानं गिळली नाहीत.

आणि म्हणून, आवडत नसला तरी, गाव त्याच्या शब्दावर उठायचं. नदी वाढली आणि अमीननं सांगितलं, की लोक जेवणाचं ताट बाजूला सारून गोठ्याकडं पळायचे, म्हशी सोडून शाळेच्या उंच पटांगणावर नेऊन बांधायचे. पूर ओसरल्यावर म्हशी परत आणायच्या त्याही त्याच्याच शब्दावर.

मग गावाला धैर्यशील सरपंच लाभले. वयानं तरुण, पुण्याला शिकलेले, आणि डोक्यात सतत काहीतरी नवं. त्यांनी गाव हुशार करायचं ठरवलं. गाव आधी काय होतं, हे कुणी विचारलं नाही. खांबाखांबावर कर्णे बसले, पंचायतीत संगणक आला, आणि कंपनीचा ऋतुराज नावाचा गोरागोमटा मुलगा येऊन सांगून गेला की आता पुकारा यंत्रच करणार. यंत्र पंचायतीच्या ग्रुपवरचे निरोप वाचणार, आपल्या अकलेनं त्याचा पुकारा तयार करणार आणि तो अमीनभाईंच्या आवाजात वाजवणार. आवाज त्यांचाच का, तर लोकांचा त्यांच्यावर विश्वास आहे. म्हणजे माणसानं जन्मभर शिव्या खाऊन जे कमावलं, ते यांनी तारेत भरून खांबावर टांगायचं.

अमीन राजी नव्हता. "मी नसताना माजा आवाज काय बोलनार, ह्ये कोन बगनार?" एवढा एकच प्रश्न त्यानं विचारला.

"तुम्हीच बघायचं, अमीनभाई," सरपंच म्हणाले. "तुमच्या फोनवर आधी येणार. तुम्ही होय म्हटल्याशिवाय एक शब्द वाजणार नाही." उद्घाटनाच्या दिवशी त्यांनी हे माइकवर सगळ्या गावाला सांगितलं. कंपनीनं एक गुळगुळीत पुस्तिका वाटली, तिच्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: नैतिक, कायदेशीर, जबाबदार. आत काय होतं ते वाटणाऱ्यांनीही वाचलं नसावं. याच शब्दावर अमीन आधी राजी झाला होता, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या स्टुडिओत बसून दिवसभर वाक्यं वाचत राहिला होता, आणि शेवटी सवयीनं आपली दोन वाक्यंही बोलला होता. ऋतुराजला ती फार आवडली. यंत्रानं ती प्रत्येक पुकाऱ्याला चिकटवायची, असं त्यानंच ठरवलं.

सुरुवातीला फोनवर विचारणा यायची. अमीन आपल्या रीतीनं चौकशी करायचा. पाण्याचा निरोप असला तर टाकीपर्यंत जायचा, मयताचा असला तर त्या घरी. पंचायतीतल्या मंडळींना घाई. नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा हा माणूस अडवून धरतो, म्हणून कुरकुर सुरू झाली. एक दिवस फोनवर विचारणा यायची बंद झाली. त्याचा नंबर त्यांनी गुपचूप काढून टाकला होता. त्याला वाटलं, यंत्र बिघडलं असेल. बरंच झालं, असंही वाटलं.

पावसाळ्यात नदी वाढली. लोकांनी म्हशी पटांगणावर नेल्या. अमीन तेव्हा शाहूवाडीकडं, मुलीच्या, मुबशिराच्या घरी, तिचं बाळंतपण होतं म्हणून गेला होता आणि रस्ते बंद पडल्यामुळं तिकडंच अडकला. फोनलाही रेंज नव्हती.

इकडं पंचायतीच्या ग्रुपवर कुणीतरी मागच्या वर्षीचा निरोप पुढं ढकलला, पाणी उतरलं म्हणून. यंत्रानं तो वाचला. खिडकीतून नदी बघायला यंत्राला डोळे नव्हते, आणि ज्याला होते त्याला यांनी बाजूला सारलं होतं. संध्याकाळी खांबाखांबावरून अमीनचा आवाज घुमला. पाणी उतरलेलं आहे, जनावरं गोठ्यात आणायला हरकत नाही. सांगणार अमीन मुजावर. चूक झाली तर माझ्या दारात या.

पैलवान गुंडूची बायको बनाबाई ही त्या आवाजाचीच वाट बघत होती. गुंडू गेल्यापासून दोन म्हशी आणि एक रेडी हाच तिचा संसार. परक्या जागी म्हैस पान्हा चोरते, धार काढू देत नाही, त्यामुळं जीव टांगणीला लागलेला. तिनं म्हशी आणल्या आणि गोठ्यात घट्ट बांधल्या. बाकी लोक दुसऱ्या दिवशी आणू म्हणून थांबले. पहाटेच्या आत पाणी गोठ्यात शिरलं. बनाबाई छातीएवढ्या पाण्यात उतरली. रेडीचं दावं सुटलं, म्हशींचं ओल्यानं आवळलेलं सुटेना. शेजाऱ्यांनी तिला केसाला धरून बाहेर ओढलं. म्हशी खुंट्यालाच राहिल्या.

अमीन परतला तेव्हा त्याच्या दारात माणसं होती. बायको बिबीजान उंबऱ्यात कमरेवर हात ठेवून एकटी सगळ्यांना तोंड देत होती. "गावात नव्हताच त्यो, किती डाव सांगू?"

"गावात नव्हता, तर बोलला कोन?" एक जण ओरडला. "आवाज त्याचा, नाव त्याचं. सरपंचानं माइकवर सांगितलंय, अमीननं व्हय म्हटल्याबिगर वाजत न्हाय."

अमीन काही बोलणार एवढ्यात गर्दी बाजूला झाली. बनाबाई आली. तिच्या हातात कापलेलं दावं होतं. तिनं शिवी दिली नाही, रडली नाही. दावं उंबऱ्यावर ठेवलं.

"तुमी सांगितलंसा म्हनून बांदल्या, भावजी," ती म्हणाली. "न्हायतर मी बांदत न्हवते." आणि निघून गेली.

जन्मभर लोकांना फाडून खाणाऱ्या त्या माणसानं वाकून ते दावं उचललं आणि घरात नेलं. तो बोलला नव्हता, हे खरं होतं. पण तो दारात या म्हणाला होता, आणि ती आली होती. ही शरम त्याची नव्हती, तरी ती त्याच्याच अंगावर पडली. ज्यांची होती ते पंचायतीत चहा पीत होते.

तो आधी कोल्हापूरला पोलिसांत गेला. आवाज चोरला म्हणून तक्रार घ्या म्हणाला. साहेब म्हणाले, "चोरला कसा? तुम्ही बोलताय की." वर असंही म्हणाले, की यंत्राच्या बाबतीत नेमकं कुठलं कलम लावायचं ते वरून कळेल. वरून म्हणजे कुठून, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मग शाळेच्या हॉलमध्ये ग्रामसभा भरली. ऋतुराज म्हणाला, यंत्रात दोष नाही, निरोप चुकीचा आला. सरपंच म्हणाले, निरोप कुणीही टाकेल, यंत्रानं ओळखायला नको? ऋतुराजनं करार काढला, त्यात वापरणाऱ्याची जबाबदारी लिहिलेली. सरपंचांनी पुस्तिका काढली, तिच्यात कंपनी जबाबदार आहे असं छापलेलं. ती जबाबदारी तासभर खुर्च्याखुर्च्यांतून फिरली आणि कुणाच्याही मांडीवर बसली नाही. शेवटी एक समिती नेमायचं ठरलं.

अमीन मागून उठून पुढं आला. विचारणेच्या यादीत आपला नंबरच नाही, हे तो पंचायतीत जाऊन डोळ्यांनी बघून आला होता. "माजा नंबर कुनी काडला, त्ये सांगा."

पंचायतीतल्या एकानं चहा मागवला.

"बरं, ऱ्हाऊ दे. आता कर्ण्यातनं माजा आवाज बंद करा. न्हायतर ठेवा, पर शेवटाला तुमचं नाव घाला. सांगनार धैर्यशील सरपंच, चूक झाली तर माज्या दारात या. म्हना बगू. आत्ता म्हना, सगळ्यांम्होरं." सरपंच भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायला लागले. अमीन ऋतुराजकडं वळला. "तुमी म्हना, पावणं. तुमचं दार कुटं हाय त्ये तरी कळू दे आमास्नी."

"काका, अशी वैयक्तिक जबाबदारी कुणी घेत नसतं," ऋतुराज म्हणाला.

"मी घेतली की आयुष्यभर. मला का कुनी सांगितलं न्हाय, घ्यायची नसती म्हनून?"

सभा तापली, दोघं-तिघं बाह्या सारून पुढं आले. सरपंचांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं आणि तोडगा काढला. शिकलेल्या माणसाचा तोडगा. आवाज बदलायला खर्च आहे, तो आहे तसाच राहील. वाद त्या शेवटच्या दोन वाक्यांमुळं होतो आहे, तेव्हा ती वाक्यं काढून टाकू. ऋतुराजनं तिथंच बसून बटणं दाबली आणि ती काढली. टाळ्यासुद्धा वाजल्या. मला त्या टाळ्यांचा अजून राग येतो.

अमीननं घरी येऊन रिक्षावरचे कर्णे उतरवले आणि माळ्यावर टाकले. आता खांबावरून त्याचा आवाज येत राहिला, लसीकरणाचा, घरपट्टीचा, शुभेच्छांचा. स्वतःचाच आवाज कानावर पडला की तो ताटावरून उठायचा. बिबीजान दार लावून घ्यायची, पण तो आवाज दाराला ऐकणारा नव्हता.

श्रावण सरता सरता नदी पुन्हा चढली. एका दुपारी खांब बोलले, पाणी वाढत आहे, जनावरं पटांगणावर न्या. या वेळी निरोप खरा होता. पण आवाज मध्येच थांबल्यासारखा थांबला, आणि लोक पुढच्या वाक्यांची वाट बघत जागेवर बसून राहिले. ती आली नाहीत. कोणीही उठलं नाही. मागच्या वेळी बनाबाई उठली होती, तिचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलं होतं.

बनाबाई अमीनच्या दारात आली. दावं ठेवून गेल्यापासून ती त्याच्याशी बोललेली नव्हती, आताही ती उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. "खरं हाय का त्ये?"

"मला काय म्हाईत? मी बोललो न्हाय," तो खेकसला. आणि तसाच पायांत चप्पल सरकवून नदीकडं गेला. परत आला तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजला होता. त्यानं बिबीजानला माळ्यावरचे कर्णे काढायला सांगितले. मग बनाबाईकडं वळला. "व्हय, वैनी. खरं हाय. पानी पायरीवर आलंय. जावा, रेडी सोडा."

बनाबाई हलली नाही.

"जावा की."

"फुडचं म्हना, भावजी."

ज्या दोन वाक्यांनी तिच्या म्हशी खाल्ल्या, तीच ती मागत होती. त्यानं खाली बघितलं, आणि ज्या आवाजाला सगळं गाव भ्यायचं त्या आवाजात, अगदी हळू म्हणाला, "सांगनार अमीन मुजावर. चूक झाली तर माज्या दारात या."

"आल्ते की," बनाबाई म्हणाली, आणि रेडी सोडायला गेली.